यीस्टच्या खोलीत बायका नकोत

आंबलेल्या कोकम सरबताचा वास वाईट नसतो. खरं सांगायचं तर तो चांगलाच असतो, पिकलेल्या फणसासारखा, जरा नाकात चढणारा. पण आमच्या घरात तो वास आला की सगळ्यांचे चेहरे सुतक पडल्यासारखे होत, आणि थोड्याच वेळात कुठल्या तरी बाईवर गुन्हा शाबीत होई. इतकी वर्षं झाली तरी तो वास आला की मला आधी राग येतो आणि मग तोंडाला पाणी सुटतं.

रत्नागिरीत बंदराच्या वाटेवर बाबांचा सोडावॉटरचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याखाली एक यंत्र, गॅसचं नळकांडं, गोटीच्या बाटल्यांचे खोके आणि दोन गडी. उन्हाळ्यात मात्र मागच्या आवारात झापांचा मांडव पडे आणि तिथे कोकमाचं सरबत होई. पावस गावाकडून, आसपासच्या वाड्यांवरून डोक्यावरच्या पाट्यांतून रातांबे येत. बायका ते मधोमध कापून आतला गर काढीत, सालींच्या वाट्यांत साखर भरीत, त्या वाट्या चिनीमातीच्या बरण्यांत रचीत आणि तोंडाला फडकं बांधून बरण्या उन्हात ठेवीत. साखर विरघळून लालभडक रस सुटला की तो गाळून बाटल्यांत भरायचा, बूच मारायचं, वर लाख लावायची. माल बोटीने मुंबईला जाई आणि लग्नसराईत पुरा पडत नसे.

मांडवात राज्य आत्याचं. माझी आई मी लहान असतानाच गेली. बाबांच्या या थोरल्या, विधवा बहिणीने मला वाढवलं. तिच्या मायेबद्दल मी एक अक्षर वाईट लिहिणार नाही. पण मांडवाचा तिचा कायदा असा, की जिला कावळा शिवला असेल त्या बाईने ते चार दिवस आवाराच्या दगडी गडग्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. बरणीवर तिची सावलीसुद्धा पडता कामा नये. चार दिवसांची मजुरी अर्थातच त्या बाईची बुडे. आणि एवढं करूनही बरणी फसफसली, तर कुणीतरी चोरून आत आली होती, हे ठरलेलंच.

मी मुंबईला मामांकडे राहून बी.एस्सी. झाले, रसायन घेऊन. वर्गात आम्ही मुली इतक्या थोड्या, की एक गैरहजर राहिली तर शिपायालाही कळे. शेवटच्या वर्षी आमच्या प्राध्यापकांनी माडीचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून आम्हाला दाखवला. त्या थेंबात यीस्टचे गोल गोल जीव होते, एकाच्या अंगाला दुसरा फुटत होता, जिवंत, उद्योगी. मला त्या क्षणी जे वाटलं ते मी कधी कुणाला नीट सांगू शकले नाही. लहानपणापासून ज्याच्यामुळे बायकांना शिव्या बसताना पाहिलं होतं, ते हे होतं तर! सालीवर बसणारं, फडक्यात राहणारं, पुरुषाच्या हातावर आणि बाईच्या हातावर सारखंच नांदणारं.

त्या दिवसापासून मी एकच हट्ट धरला. आंबवण्याच्या शास्त्रात पुढचं शिक्षण घ्यायचं. मुंबई इलाख्याबाहेरच्या एका मोठ्या संस्थेत तो विभाग होता. तिथे पदवीनंतर दोन वर्षं काढलेली माणसं बिअरच्या ब्रुअऱ्यांत, साखर कारखान्यांच्या भट्ट्यांवर, सरबतं नि व्हिनेगर बनवणाऱ्या कंपन्यांत चांगल्या जागांवर लागत. माझ्या वर्गातला एक जण, ज्याला साधं टायट्रेशन धड जमत नसे, तो तिकडे जायच्या गोष्टी बिनधास्त करी. मग मी का नाही?

गावात बातमी फुटली ती अशी की मुलगी दारू गाळायला शिकणार. ज्यांच्या तोंडाला तिन्हीसांजेला माडीचा वास येई तेसुद्धा बाबांना रस्त्यात थांबवून नाकाने कांदे सोलू लागले. बाबा हसत. "गाळू दे हो. आधी माझी बुचं उडायची थांबव म्हणावं, मग काय हवं ते गाळ." बाबा वाईट नव्हते, हे मला पुन्हा पुन्हा लिहावं लागणार आहे. वाईट असते तर मी त्यांच्यावर इतकी चिडले नसते.

त्या विभागाचे प्रमुख मे महिन्यात सरकारी कामावर रत्नागिरीत येणार होते. कोकणातल्या कोकमापासून, काजूच्या बोंडांपासून काही कारखानदारी होते का ते पाहायला. विभागात कुणाला घ्यायचं हे त्यांच्या शब्दावर होतं. बाबांनी त्यांना आमच्याकडे उतरायचं आमंत्रण दिलं आणि त्यांनी ते स्वीकारलं. मुलीला भेटेन, असंही कळवलं. मी हवेत होते.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात बरण्या फसफसल्या.

थोड्याथोडक्या नव्हेत, निम्म्याहून अधिक. फडकी फुगली, फेस काठावरून ओघळला, माश्या घोंघावू लागल्या. आत्याने सगळ्या कापणाऱ्या बायकांना ओळीने उभं केलं आणि एकेकीला विचारू लागली. बाबा जरा दूर, पाठ करून उभे. असल्या चौकशीत पुरुषांनी ऐकायचं नसतं, पण निकाल मात्र लावायचा असतो. संशय एका तरुण बाईवर आला. तिचा नवरा बोटीवर खलाशी होता. ती मधले दोन दिवस कामावर आली नव्हती, तेवढ्यावरूनच; म्हणजे दोनच दिवस बाजूला बसून चोरून परत आली, असं ठरलं.

"मी नाय गो काय केलं," ती मान खाली घालून म्हणत राहिली. आत्या ऐकेना. शेवटी ती माझ्याजवळ सरकली आणि पुटपुटली, "बाय, माला पाचवा म्हयना हाय. मी कुठशी बाजूला बसतंय?"

पुरुषमाणसासमोर हे तिला मोठ्याने बोलवेना. मी बोलले. चांगलं बंदरापर्यंत ऐकू जाईल असं बोलले, की ती गरोदर आहे, तिला कसला आला आहे विटाळ. बाबांनी खाकरून घेतलं. आत्याचा चेहरा मात्र ढिम्म हलला नाही.

"असेल हो गरोदर. मग घरातली कुणी शिवली असेल तिला, नि ही तशीच आली असेल. कुठून तरी आला असणारच ना गो? उगाच का फसफसलं?"

मी सांगून पाहिलं. बरण्या ओल्याच भरल्यात. या खेपेला साखर कमी घातली आहे, कारण बाबांना ती महाग पडते. फुटके रातांबे वेचून बाजूला काढले नाहीत. बाबा म्हणाले, "अगो, साखर तर गेल्या वर्षीही इतकीच होती." ते खोटं होतं. त्या बाईला त्याच दिवशी घरी पाठवलं. ती गडग्याबाहेर पडताना रडतही नव्हती, आणि त्याचा मला जास्त संताप आला.

ते विभागप्रमुख साहेब आले. पुण्याकडचे, विलायतेत शिकलेले, मृदू बोलणारे गृहस्थ. त्यांच्याविषयी अजूनही माझ्या हातून मानाने लिहिलं जातं, ही सवय काही जात नाही. त्यांनी बरोबर लाकडी पेटीतून स्वतःचा सूक्ष्मदर्शक आणला होता. पडवीत टेबल मांडलं, आंबलेल्या रसाचा थेंब काचेवर घेतला आणि मला म्हणाले, "पाहा आणि सांगा."

मी पाहिलं आणि सांगितलं. काय दिसतं, ते कुठून आलं असेल, साखर किती असती तर ते वाढलं नसतं, बाटल्या गरम पाण्यात उभ्या करून ठेवल्या तर काय होईल. त्यांनी उलटसुलट विचारलं, मी उत्तरं दिली. बाबा कौतुकाने बघत होते. "वा! हे माझ्या मुलांना दुसऱ्या वर्षीही सांगता येत नाही," साहेब म्हणाले. मी धीर करून विचारलं, मग मला जागा मिळेल ना?

त्यांनी चष्मा काढून पुसला. आणि उत्तर दिलं ते बाबांकडे बघून.

"अडचण यांच्या बुद्धीची नाही हो. आमच्याकडे कल्चर, म्हणजे जपून वाढवलेलं यीस्ट, ठेवायची एक वेगळी खोली असते. सगळं काम तिथेच. त्या खोलीत बायकांना घेत नाहीत. विलायतेतल्या जुन्या ब्रुअऱ्यांतही घेत नाहीत म्हणतात. कल्चर बिघडतं."

"कशाने बिघडतं?" मी विचारलं.

"आता वडिलांसमोर कसं बोलायचं," ते हसले. "मी स्वतः असलं काही मानत नाही. पण माझे मदतनीस मानतात. ज्या कारखानदारांकडे पुढे नोकऱ्या लावायच्या ते मानतात. उद्या एखादं कल्चर बिघडलं, तर बोट कुणाकडे जाईल? तुमच्याचकडे. मी तुमच्या भल्याचंच सांगतो आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "तुम्ही मानत नाही ना? मग तुम्ही सांगा ना त्यांना."

"शास्त्रात नुसतं सांगून भागत नाही, पुरावा लागतो. मी पुढे मालवण-वेंगुर्ल्याकडे जातो आहे. पावसाआधीच्या शेवटच्या बोटींपैकी एखादीने परत फिरेन, तेव्हा इथे थांबेन. तुमच्याजवळ पुरावा असला तर दाखवा, मी विभागाशी भांडेन."

ते गेल्यावर घरात जे झालं ते साहेबांच्या बोलण्यापेक्षा मला जास्त लागलं. बाबांचा चेहरा उजळला होता. माझी जागा गेली याचं दुःख त्यांना नव्हतं असं नाही, पण त्याच्यावर एक समाधान पसरलं होतं. "बघ गो, विलायतेतसुद्धा! म्हणजे आपल्या लोकांनी काही वेडेपणा केला नव्हता." दाराआडून ऐकणाऱ्या आत्याला तर विद्यापीठाने पदवी दिल्यासारखं झालं. मी इतकी शिकले, आणि माझ्या शिक्षणाचा पहिला उपयोग असा झाला की मांडवातल्या त्या कायद्याला विलायती मान्यता मिळाली.

पण पुरावा म्हणाले होते ना? ठीक आहे, पुरावा तर पुरावा. माल आंबल्यामुळे बाबांची अडचण झालीच होती. मुंबईच्या व्यापाऱ्यांना शब्द दिलेला, लग्नाच्या मागण्या आलेल्या. मी म्हटलं, निम्म्या बरण्या मला द्या. माझ्या पद्धतीने करीन, साखर मी सांगेन तेवढी, आणि कापायला घरी पाठवलेल्या त्या बाईला परत बोलवा. उरलेल्या निम्म्या आत्याने तिच्या पद्धतीने, हव्या तेवढ्या सोवळ्यात कराव्यात. बाबांनी मान डोलावली. आत्याने तोंड फिरवलं, पण नाही म्हणाली नाही. तिची खात्री होती.

मग मी थांबले. रातांबे पिकत होते, बाबा घाई करत होते आणि मी आज नको उद्या करत होते. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्या चार दिवसांची वाट पाहत होते. कावळा शिवला त्या सकाळी मी कुणाला सांगितलं नाही. न्हाऊन, वेणी घट्ट घालून मांडवात गेले आणि कामाला लागले. बरण्या उकळत्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवल्या. फुटका रातांबा बरणीत जाऊ दिला नाही. सालींत साखर मी माझ्या हातांनी भरली, कोपरापर्यंत हात लाल होईतो. गाळताना, बाटल्या गरम पाण्यात उभ्या करताना, बुचं मारताना मीच पुढे होते. खलाशाची ती बाई माझ्यासमोर बसून कापत होती. एकदा तिने माझ्याकडे नीट पाहिलं, काय ते ओळखलं, आणि मान खाली घालून पुढचा रातांबा घेतला. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

आत्याच्या बरण्या आवाराच्या पलीकडच्या टोकाला, गोमूत्र शिंपडलेल्या जागेत उन्हात बसल्या होत्या. काही दिवसांनी त्यांची फडकी फुगली. तोच वास आला. माझ्या बाटल्या मात्र जशाच्या तशा, स्वच्छ, लाल, उजेडात धरल्या तर पलीकडचं माणूस दिसेल अशा.

तेव्हा मी दोघांना समोर बसवून सांगितलं. माझ्या बाटल्या कुठल्या दिवसांत भरल्या ते.

आत्या उठली, विहिरीवर गेली, डोक्यावरून घागरी ओतून घेतल्या. त्यानंतर तिने कोकमाचं सरबत उभ्या जन्मात कधी तोंडाला लावलं नाही. तिच्याशी माझं भांडण होतं आणि ते शेवटपर्यंत राहिलं, पण तिच्याबद्दल मला आदरही आहे. तिने जे मानलं त्याची किंमत तिने स्वतः मोजली.

मला वाटलं, आता बाबा बाटल्या फोडायला सांगतील. ते उठले, एक बाटली हातात घेतली, उजेडात फिरवून पाहिली. मग म्हणाले, "लाख लावून घ्या."

"बाबा, साहेब परत येतील तेव्हा त्यांना हे तुम्ही सांगायचं," मी म्हटलं. "मी सांगितलं तर पोरीचा हट्ट म्हणतील. तुम्ही कारखान्याचे मालक आहात. तुमचा शब्द ते टाकणार नाहीत."

"सांगेन," बाबा म्हणाले.

"नक्की?"

"अगो, सांगेन म्हटलं ना."

मी त्या शब्दावर दिवस काढले. परक्या गावी राहायचं कुठे, हातखर्च कसा भागवायचा, याचासुद्धा विचार करून ठेवला.

साहेब आले ते उन्हाने रापलेले, थकलेले. समुद्र खवळायला लागला होता आणि बोट संध्याकाळची होती. बाबांनी त्यांना पडवीत खुर्ची दिली. मी आतून माझ्या बाटलीतलं सरबत पाण्यात कालवून, जिऱ्याची पूड घालून आणलं. त्यांनी पेला एका दमात रिकामा केला आणि दुसरा मागितला.

"अप्रतिम!" ते म्हणाले. "सगळ्या किनाऱ्यावर असं मिळालं नाही मला. कुठे आंबूस वास नाही, रंग कसा टवटवीत. काय केलंत काय तुम्ही?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराच्या चौकटीशी उभी होते. बाबांनी घसा साफ केला.

"काही विशेष नाही, साहेब. या खेपेला सोवळं जरा कडक केलं. बाकी देवाची कृपा."

मला आधी ते कळलंच नाही. माझ्या कानांवर शब्द पडले आणि मी अजून पुढच्या वाक्याची वाट बघत होते. पुढचं वाक्य आलं नाही. बाबा टेबलावरची धूळ बोटाने पुसत होते.

"खोटं आहे ते," मी म्हटलं. माझा आवाज चिरकला, त्याचाही मला राग आला. "ज्या बरण्यांना सोवळं कडक होतं त्या आंबल्या, त्या मागे ओतून दिल्या आहेत, चला दाखवते. हे सरबत मी केलं. मी बाजूला बसायच्या दिवसांत केलं, या हातांनी, चारही दिवस. तुम्ही पुरावा मागितला होता ना? तो तुमच्या हातात आहे."

साहेबांनी हातातला पेला बघितला. तो अर्धा झाला होता. त्यांनी तो अगदी हळू टेबलावर ठेवला आणि बोटांच्या टोकांनी जरा लांब सरकवला.

"असं होय," ते म्हणाले. मग बाबांकडे वळून, खाली आवाजात, "जरा चूळ भरायला पाणी मिळेल का?"

बाबा स्वतः उठले. घरात गडीमाणूस असताना ते स्वतः आत गेले आणि तांब्या भरून घेऊन आले. साहेब पडवीच्या कडेला वाकले आणि चुळा भरू लागले. चांगल्या खळखळून, एकामागून एक. मी तिथेच उभी राहून बघत होते. मग त्यांनी रुमालाने मिशा टिपल्या, पेटी उचलली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमचं काम उत्तम आहे, बाई. पण या वर्षीच्या जागा भरल्या आहेत."

बाबा त्यांना बंदरापर्यंत पोचवायला गेले. माझ्या बाटल्यांचा उरलेला सगळा माल त्यांनी त्याच बोटीने मुंबईला पाठवला.